गेस्ट हाऊसच्या मेलवर 'पाहुण्याची तक्रार' आली आहे: अशी मेल ओळखायची आणि तपासायची कशी?

कुळागर (सोमवार, रात्री ९.४०)

काणकोणात आमचं सहा खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. आई-बाबा बघतात, धाकटा भाऊ बुकिंग सांभाळतो, मी पणजीला नोकरीला असतो. आज संध्याकाळी आमच्या मेलवर एक पत्र आलं. ज्या संकेतस्थळावरून आम्हाला पाहुणे येतात त्याचंच चिन्ह, तेच रंग, खाली तोच पत्ता. मजकूर असा: "तुमच्याकडे राहून गेलेल्या पाहुण्याने खोलीत ढेकूण असल्याची फोटोंसह तक्रार केली आहे. २४ तासांत उत्तर न आल्यास तुमची जागा यादीतून काढण्यात येईल." खाली निळं बटण.

आईने ते वाचलं आणि तिचा चेहराच पडला. पाहुणा गेला की गाद्या उन्हात टाकल्याशिवाय ती खोली दुसऱ्याला देत नाही. तिची अवस्था बघून भावाने बटण दाबलं. एक पान उघडलं, 'मी माणूस आहे' या चौकटीत खूण करायला सांगितली, आणि मग कळफलकावरची विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून तिथे काहीतरी पेस्ट करायला सांगितलं. तिथे त्याला शंका आली आणि त्याने सगळं बंद केलं, असं तो म्हणतो.

बघताक्षणी ओळखता येईल अशी काही खूण असते का? आणि मेल नक्की कुठून आली हे घरच्या घरी शोधता येतं का? आईला समजेल असं सांगितलंत तर बरं, कारण मेल पहिल्यांदा तीच उघडते.

अळसांदे (९.५२)

तो संगणक आधी नेटवरून काढा. वायफाय बंद, वायर असेल तर तीही काढा. बाकीचं मग बोलू.

पेडण्याचो_पुणेकर (१०.२०)

अळसांदे यांना पूर्ण अनुमोदन. कुळागरबाब, हा प्रकार 'क्लिकफिक्स' या नावाने ओळखला जातो. पानावरची ती चौकट खोटी असते. तिच्यात खूण केली की तुमच्या नकळत एक आज्ञा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर जिथे साठतो तिथे, जाते. विंडोज आणि आर दाबलं की संगणकाला थेट आज्ञा देण्याची खिडकी उघडते. तिथे पेस्ट करून एंटर मारलं की तुम्ही स्वतःच्या हाताने चोराला आत घेतलंत. अँटिव्हायरसला चकवा देता येतो तो यामुळेच, कारण आज्ञा खुद्द मालकाने दिलेली असते. मग आत येऊन बसतो तो पासवर्ड गोळा करणारा प्रोग्राम.

मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने नेमकी हीच पद्धत वर्णन करून सांगितली होती. बुकिंग डॉट कॉमचं नाव वापरून हॉटेलवाल्यांना अशा मेल डिसेंबर २०२४ पासून जात होत्या, आणि लक्ष्य केलेल्या भागांत दक्षिण आशियाही होता. त्यात कंपनीचा काही दोष नव्हता, फक्त नाव तिचं वापरलं होतं. हॉटेलवालेच का, तर ते अनोळखी माणसाची मेल उघडतातच. तो त्यांचा धंदाच आहे.

भावाला शांतपणे पुन्हा एकदा विचारा: पेस्ट केलं होतं का, एंटर दाबलं होतं का. रागावू नका, पण खरं कळायलाच हवं.

सुरंगी (१०.३१)

मी शाळेत संगणक शिकवते, मुलांना एकच सांगते. पत्ता डावीकडून वाचायचा नाही. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडायच्या, त्यापुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून मागे वाचत यायचं. 'तुमचीबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप' असा पत्ता असेल तर मालक कोण? 'केवायसी-अपडेट डॉट टॉप'. पुढचं सगळं नुसतं तोरण. तसंच इंग्रजी आर आणि एन ही अक्षरं चिकटून लिहिली की लहान पडद्यावर एम वाटतात. मुलं घरी जाऊन आजीला दाखवतात, आणि आजीला ते चटकन कळतं.

मडगावचे_काका (१०.५५)

एकतीस वर्षं बँकेत काढून निवृत्त झालो. सुरंगीताईंचं बरोबर आहे, त्यात एक भर. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँकांसाठी 'बँक डॉट इन' हा राखीव पत्ता जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी त्यावर यायचं होतं. तो कुणालाही विकत मिळत नाही, फक्त बँकांनाच मिळतो. त्यामुळे बँकेच्या नावाच्या पत्त्याचं शेपूट 'डॉट बँक डॉट इन' आहे का, एवढं तरी बघाच.

पण खरं सांगू? काउंटरवर बसून जे पाहिलं त्यावरून सांगतो, पत्ते वाचून वाचलेली माणसं कमी. फोन करून वाचलेली जास्त. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर. कुळागर, तुमच्या आईला एवढंच सांगा.

दर्यावर्दी_वास्को (११.०८)

आम्ही बोटीवर जाणारे लोक. आमच्याकडे वेगळाच प्रकार चालतो. क्रूझ कंपनीच्या लेटरहेडवर नेमणुकीचं पत्र, डॉलरमध्ये पगार, आणि 'मेडिकल आणि व्हिसासाठी' पंचेचाळीस हजार लगेच भरा. माझ्या धाकट्या चुलतभावाला आलं होतं. नौवहन महासंचालनालयाचा भरतीचा परवाना असतो, त्याला आम्ही आरपीएसएल म्हणतो. तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पत्रात क्रमांक होता, खराही होता, पण तो मुंबईच्या दुसऱ्याच एजन्सीचा. आम्ही त्या एजन्सीच्या कार्यालयात फोन लावला. ते म्हणाले, आठवड्यात तुमच्यासारखे बरेच फोन येतात.

मुलांनो, नोकरी लावून देण्यासाठी दर्यावर्द्याकडून फी घ्यायचीच नसते. तसा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पैसे मागितले तिथे विषय संपला.

काजूबोंडू (११.४०)

वरच्या सगळ्यांचं वाचलं. पत्ता बघा, शेपूट बघा, सगळं खरं. पण आमचं नुकसान झालं ते पत्ता शंभर टक्के खरा असताना, म्हणून लिहिते.

डिचोलीजवळ आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. पॅकिंगचं साहित्य देणारा व्यापारी नऊ वर्षांपासूनचा. एक दिवस त्याच्या नेहमीच्या मेलवरून, आमच्या जुन्या पत्रव्यवहाराच्या खालीच उत्तर म्हणून मेल आली: ऑडिट चालू असल्यामुळे या खेपेचे पैसे नव्या खात्यात टाका. बिलाचा क्रमांक बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर, खाली त्याची नेहमीची 'देव बरें करूं' ही ओळसुद्धा. आम्ही ३ लाख ४० हजार पाठवले.

दोन दिवसांनी तो पैशाची आठवण करायला फोनवर आला, तेव्हा कळलं. त्याचं मेल खातं कुणीतरी उघडून आत कितीतरी दिवस बसून होतं. त्याच्या खात्यात एक नियम लावलेला सापडला: आमच्याकडून आलेली मेल आपोआप दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवायची, म्हणजे आमची विचारणा त्याच्या नजरेलाच पडू नये. आम्ही खात्रीसाठी मेलवर विचारलंही होतं हो! 'नवीन खातं बरोबर ना?' आणि उत्तर आलं, 'हो, बरोबर.' उत्तर देणारा चोरच होता.

तेव्हापासून आमच्याकडे खाते क्रमांक बदलला की नवऱ्याने किंवा मी स्वतः फोन करून त्या माणसाचा आवाज ऐकायचा. नाहीतर पैसे जात नाहीत. माणूस नाराज झाला तरी चालेल.

घुमट (११.४७)

वाचून पोटात गोळा आला. पैसे मिळाले का परत?

काजूबोंडू (११.५८)

थोडे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तोवर बरेचसे पैसे दोन-तीन खात्यांतून पुढे गेले होते. जे मधल्या खात्यात अडकले होते तेवढेच थांबवता आले. दोन दिवसांऐवजी दोन तासांत कळलं असतं तर, हे अजून मनातून जात नाही.

पेडण्याचो_पुणेकर (मंगळवार, सकाळी ८.१५)

काजूबोंडूताई, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. आता कुळागर यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, मेल कुठून आली हे कसं शोधायचं. जरा लांबेल.

ईमेलचा मूळ नियम १९८२ चा. त्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नव्हती. पोस्टाच्या पत्रासारखं समजा. आतल्या कागदावर लेटरहेड कुणाचंही छापता येतं. तुम्हाला मेलमध्ये दिसतं ते नाव म्हणजे लेटरहेड. पाकिटावरचे शिक्के वेगळे असतात आणि ते मेलच्या 'हेडर'मध्ये असतात. जीमेल संगणकावर उघडा, मेलच्या उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, त्यात 'शो ओरिजिनल'. फोनवरच्या ॲपमध्ये ही सोय नाही.

वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळी दिसतील. पहिली सांगते की पत्र ज्या सर्व्हरवरून आलं त्याला त्या पत्त्याच्या वतीने पाठवायची परवानगी आहे का. दुसरी म्हणजे मोहोर: वाटेत मजकूर बदलला नाही ना. तिसरी सांगते की हे सगळं तुम्हाला दिसणाऱ्या लेटरहेडशी जुळतं का. बँकेच्या नावाची मेल आणि डीमार्क 'फेल', तर पुढे वाचूच नका.

पण 'पास' दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. चोराने स्वतःचा पत्ता विकत घेऊन त्याची कागदपत्रं नीट लावली असतील तर त्याचीही मेल तिन्ही परीक्षांत पास होते. पत्ता कुणाचा एवढंच ही परीक्षा सांगते, माणूस प्रामाणिक आहे का ते नाही. आणि काजूबोंडूताईंच्या बाबतीत तर खातं खरंच व्यापाऱ्याचं होतं, तिथे तिन्ही पास येणारच.

पुढे 'रिसीव्ह्ड' अशा ओळींची उतरंड दिसेल. ती खालून वर वाचायची, सगळ्यात खाली पहिला मुक्काम. मात्र खालच्या ओळी पाठवणाऱ्याला खोट्या घालता येतात. आपल्या मेल सेवेने स्वतः लिहिलेली, म्हणजे वरची ओळ तेवढी भरवशाची. मग 'रिप्लाय-टू' बघा, उत्तर वेगळ्याच पत्त्यावर जातंय का. शेवटी पत्त्याचं नाव 'हूइज'मध्ये, म्हणजे संकेतस्थळांच्या नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या सेवेत टाका, नोंदणीची तारीख मिळते. वीस वर्षांच्या कंपनीचा पत्ता मागच्या आठवड्यात जन्मलेला असेल तर सांगायला नको.

अजून एक. मला ती मेल पाठवायची असेल तर नुसती फॉरवर्ड करू नका, तसं केल्याने मूळ शिक्के पुसले जातात. 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' करा. पोलिसांना द्यायलाही तीच प्रत लागेल, त्यामुळे मूळ मेल डिलीट करू नका.

मडगावचे_काका (८.४०)

उत्तम लिहिलंत. तरी माझं म्हणणं तेच. काणकोणातल्या आईने एसपीएफ बघावं ही अपेक्षा नको.

पेडण्याचो_पुणेकर (८.४४)

काका, मान्य. हे आईसाठी नाही, कुळागरसाठी आहे. आईने थांबायचं आणि मुलाने तपासायचं.

रांपणकार (९.१०)

या प्रकाराला 'फिशिंग' म्हणतात, मग मासे पकडणाऱ्याने दोन शब्द लिहायलाच हवेत. लाखो लोकांना एकच मेल जाते ती रांपण. किनाऱ्यावरून जाळं ओढायचं, त्यात बांगडा येतो, तारली येते, जे सापडेल ते. काजूबोंडूताईंना लागला तो गळ. एकाच माशासाठी, त्याला काय आवडतं ते बघून आमिष लावलेला. रांपणीतल्या मेलला शुद्धलेखनाच्या चुका असतात, त्यावरून ओळखता येते. गळाला नसतात.

सुरंगी (९.२५)

रांपणकारबाब, छान सांगितलंत. चुकांबद्दल एक गंमत. मायक्रोसॉफ्टच्या कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने २०१२ मध्ये लिहिलं होतं की 'माझी संपत्ती बाहेर काढायला मदत करा, वाटा देतो' म्हणणाऱ्या नायजेरियन राजपुत्राच्या त्या मेल मुद्दाम अविश्वसनीय ठेवलेल्या असाव्यात. शहाणी माणसं पहिल्याच ओळीला सोडून देतात आणि शेवटपर्यंत फसतील अशीच उरतात, ठगाची मेहनत वाचते. पण आता यंत्राकडून कुणीही स्वच्छ मराठी लिहून घेऊ शकतो. 'भाषा अशुद्ध म्हणजे खोटी' हे शिकवणं मी बंद केलं आहे.

शिगमो (१०.०२)

माझ्या वडिलांबद्दल लिहायचं होतं, धीर होत नव्हता. वडील निवृत्त मुख्याध्यापक, वय ७६. त्यांना सीबीआयच्या नावाने पत्र आलं, शिक्के-सह्यांसकट. तुमच्या संगणकावरून लहान मुलांचे अश्लील व्हिडिओ पाहिले गेले, पोक्सोखाली गुन्हा, २४ तासांत उत्तर द्या नाहीतर अटक आणि वर्तमानपत्रात नाव. त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. तीन दिवस जेवले नाहीत. आम्हाला वाटलं तब्येत बिघडली. आईने उशीखाली ते पत्र छापून ठेवलेलं पाहिलं तेव्हा कळलं. पैसे गेले नाहीत, पण ते तीन दिवस मी विसरणार नाही. ज्यांनी चाळीस वर्षं गावातली मुलं शिकवली त्यांच्यावर ही वेळ.

आता त्यांना सांगून ठेवलंय की समन्स ईमेलने येतच नाही.

वकीलबाई_म्हापसा (१०.३०)

शिगमो, वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांची काहीच चूक नाही. ही पत्रं सभ्य माणसाची लाज हेरूनच लिहिलेली असतात.

तुमच्या शेवटच्या वाक्यात मात्र दुरुस्ती हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत न्यायालयाचा शिक्का असलेलं समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बजावण्याची तरतूद आहे. 'मेलवर आलं म्हणजे खोटं' असं पाठ केलंत तर एखादं खरं समन्सही टाकून द्याल. प्रकरण क्रमांक घेऊन न्यायालयात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. प्रकरण मिटवायला पैसे मागितले, कुणाला सांगू नका म्हटलं, व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवलं, की ते खोटं. 'डिजिटल अरेस्ट' नावाचं कायद्यात काहीच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं होतं.

आयकराच्या नोटिशीबद्दलही तसंच. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर एक दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. आयकराच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर स्वतः जाऊन तो टाकला की पत्र खरं की खोटं ते दिसतं, लॉगिनही करावं लागत नाही.

घुमट (१०.४१)

शिगमो, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी आत्ताच बाबांना फोन केला.

अळसांदे (१२.१५)

धागाकर्ते कुठे आहेत? भावाने एंटर दाबलं होतं की नाही?

कुळागर (मंगळवार, रात्री १०.५०)

दिवसभर काणकोणातच होतो. सविस्तर लिहितो.

भावाने एंटर दाबलं होतं. काल घाबरून सांगितलं नव्हतं. आज मी शेजारी बसून वरचा धागा त्याला वाचून दाखवला, शिगमोंच्या वडिलांपर्यंत आलो आणि त्याने स्वतःच सांगितलं. संगणक काल रात्रीपासून नेटबाहेर आहे, पण मधे तीन-चार तास गेले होते.

सगळ्यात आधी माझ्या फोनवरून बुकिंगच्या खात्याचा, मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला, सगळीकडून साइन आउट केलं, दुहेरी पडताळणी लावली. मेलच्या सेटिंगमध्ये काजूबोंडूताईंनी सांगितलेला तसला नियम शोधला. होता! बुकिंग संकेतस्थळाकडून येणाऱ्या सूचना थेट कचऱ्यात जात होत्या. तो काढला नसता तर मला काहीच कळलं नसतं, कारण कचऱ्यात एक सूचना पडली होती: 'तुम्ही पाहुण्याला संदेश पाठवला.' आमच्या नावाने पाहुण्यांना संदेश गेले होते: कार्डाची पडताळणी अपुरी आहे, या दुव्यावर पुन्हा पैसे भरा, नाहीतर बुकिंग रद्द.

पुढच्या दोन महिन्यांची तेवीस बुकिंग होती. मी, भाऊ आणि बाबा, तिघांनी तीन फोनवरून एकेका पाहुण्याला फोन लावला. बहुतेकांनी संदेश उघडलाच नव्हता. कोल्हापूरच्या एका कुटुंबाने मात्र आमचा फोन जायच्या चाळीस मिनिटं आधी ९,६०० रुपये भरले होते. त्यांना लगेच १९३० लावायला सांगितलं, बँकेलाही कळवायला सांगितलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला, तक्रार क्रमांक मिळालाय आणि रक्कम पुढच्या खात्यात थांबवली आहे.

मेलचे शिक्केही बघितले. तिन्ही 'पास', पुणेकरांनी म्हटलं तसंच. पण तो पत्ता आमच्या संकेतस्थळाचा नव्हताच, मध्ये एक जोडरेघ आणि 'सपोर्ट' जास्तीचं होतं. हूइजमध्ये नोंदणी नऊ दिवसांपूर्वीची.

मडगावचे_काका (११.०५)

शाब्बास. बँकेला लेखी कळवलंत का? नसेल तर उद्या सकाळी पहिलं काम ते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः पासवर्ड दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचं. आणि चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच झाली, अशा वेळी तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच येत नाही. म्हणून पोच घ्या. तारीख आणि वेळ असलेली.

पेडण्याचो_पुणेकर (११.१२)

संगणक पूर्ण पुसून नव्याने विंडोज टाका, नुसता अँटिव्हायरस फिरवून वापरात आणू नका. पण त्याआधी पोलिसांना विचारा, त्यांना तो जसाच्या तसा हवा असेल. रायबंदरला सायबर गुन्हे पोलीस ठाणे आहे, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही तक्रार करता येते. मेलची मूळ प्रत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेलाही पाठवा.

वकीलबाई_म्हापसा (११.२०)

तक्रार तुमची वेगळी आणि कोल्हापूरकरांची वेगळी करा. तुमच्या तक्रारीत त्यांचा तक्रार क्रमांक लिहा.

कुळागर (बुधवार, दुपारी १.३०)

बँकेची पोच घेतली. रायबंदरला जाऊन आलो, मेलची प्रत पेन ड्राइव्हवर दिली, संगणक त्यांनी तूर्त तसाच ठेवायला सांगितलाय. कोल्हापूरची मंडळी ठरल्याप्रमाणे येणार आहेत. त्यांच्याकडून उरलेलं भाडं घ्यायचं नाही असं बाबांनी ठरवलंय.

काजूबोंडू (१.५५)

बरं वाटलं वाचून. आणि आईंचं काय? तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये त्यांच्यासाठी विचारलं होतं.

कुळागर (२.२०)

ताई, आईसाठी मडगावच्या काकांचंच घेतलं. मेलमधलं कुठलंही बटण ती दाबणार नाही. काही आलं की बुकिंगचं खातं फोनवरच्या ॲपमधून स्वतः उघडायचं, तक्रार खरी असेल तर ती तिथे दिसेलच. काल रात्री तिच्याकडून दोनदा करून घेतलं.

पण तिने मला सगळ्यात आधी विचारलं ते वेगळंच. दोन दिवस ती कामात होती, कुणाशी बोलत नव्हती. खातं उघडल्यावर म्हणाली, "ढेकणाचं कुठे लिहिलंय ते दाखव." मी सगळ्या प्रतिक्रिया एकेक करून दाखवल्या. कुठेच नव्हतं. मागच्या महिन्यात येऊन गेलेल्या नागपूरच्या बाईंनी लिहिलं होतं की चादरींना उन्हाचा वास येत होता. ती ओळ तिने मला परत वाचायला लावली.